अठराव्या वर्षी दोन वर्षं परदेशी धर्मप्रचाराला: मुलांचं भलं की मुलांवर अन्याय?

नागोयाकरीण

गेल्या नोव्हेंबरात आमच्या इमारतीखाली कचरा ठेवायच्या जागी एक गोरा मुलगा पिशवी घेऊन उभा होता. पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी. मॉर्मन या अमेरिकेत सुरू झालेल्या ख्रिस्ती पंथाचा धर्मप्रचारक. पिशवीत प्लॅस्टिक, खरकटं, काचेची बाटली, सगळं एकत्र. जपानात प्रत्येक कचऱ्याचा वार ठरलेला असतो आणि चुकलं तर गाडी पिशवी तशीच सोडून जाते. नवरा घरी होता म्हणून त्याला आणि त्याच्या प्रचारातल्या जपानी जोडीदाराला वर बोलावलं. घरात बाई एकटी असेल तर ते आत येत नाहीत, तसा नियमच आहे. भिंतीवरचं कचऱ्याचं वेळापत्रक त्यानं वहीत उतरवून घेतलं. वय १९, गाव अमेरिकेतल्या युटा राज्यातलं, आमच्या भागात येऊन चार दिवस झालेले.

सवयीनं मी चहाचं आधण ठेवलं आणि मग आठवलं की मॉर्मन लोकांना चहा-कॉफी वर्ज्य. भाजलेल्या जवाचा मुगिचा मात्र त्यांना चालतो. मी कोकम सरबत दिलं. त्यानं दोनदा मागून घेतलं.

पट्टीवर आडनावापुढे ‘चोरो’ लिहिलेलं, म्हणजे वडीलधारा. नुकतं कुठे मिसरूड फुटलेल्या मुलाला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजी याच नावानं वाकून हाक मारतात. या मुलांच्या इंग्रजीच्या फुकट वर्गाला त्या दर आठवड्याला जातात. एकट्याच राहतात.

मला कुणाचा धर्म बदलायला जाणं पटत नाही, हे आधीच सांगते. तरीही ही दोन वर्षं त्या मुलांच्या भल्याची आहेत असं माझं ठाम मत झालंय. १८ व्या वर्षी घर सोडायचं, परकी भाषा शिकायची, साडेसहाला उठायचं, स्वतःचं रांधायचं, दारोदार नकार ऐकायचे आणि तरी कुणाशी तोंड वाकडं करायचं नाही. आपली मुलं त्या वयात वसतिगृहातून डबा चांगला नाही म्हणून फोन करतात. तुम्हाला काय वाटतं?

खडकमाळ

ताई, मुलगा गुणी असेल. प्रश्न त्याला पाठवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. देश त्यानं निवडलेला नाही, तो सॉल्ट लेक सिटीहून, म्हणजे त्यांच्या चर्चच्या मुख्यालयातून, ठरून येतो. जोडीदारही निवडलेला नाही, आणि त्याला सोडून एकट्यानं कोपऱ्यावरच्या दुकानातही जायचं नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी लागते. कुणी त्याच भागात राहतो, कुणाला दोन दिवसांत सायकल-बॅगेसकट दुसऱ्या गावी जावं लागतं. याला रुळणं कसं म्हणायचं? भाताची लावणी एकदाच होते, दर पंधरवड्याला रोप उपटून दुसऱ्या वाफ्यात लावलं तर ते पोसत नाही.

ख्रिस्ती धर्मप्रचारक फादर स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आले आणि १६१९ पर्यंत तिथेच राहिले. त्या मुरण्यातून १६१६ ला छापलेलं ख्रिस्तपुराण मराठीत उतरलं. त्यांच्या धर्माशी माझं देणंघेणं नाही, पण त्या राहण्याला मी मान देतो.

आणि तुमच्या त्या आजी? मुलगा गेला की पुढचा मुलगा त्यांच्याबद्दलच्या नोंदी वाचून दार वाजवणार. एकट्या माणसाला लळा लावायचा आणि यादी लागली की निघायचं, हे मला बरं दिसत नाही.

नागोयाकरीण

खडकमाळ, मुरण्याचं उदाहरण यांच्यातही आहे. आल्मा टेलर १९०१ साली मॉर्मन चर्चचे नेते हिबर ग्रँट यांच्याबरोबर योकोहामाला उतरला तेव्हा १९ वर्षांचाच होता. तो १९१० पर्यंत राहिला, आणि मॉर्मन ग्रंथाचा त्याचा जपानी अनुवाद १९०९ ला निघाला. एवढी चिकाटी कुणी नुसत्या हुकमावर दाखवत नाही.

खडकमाळ

टेलर सुमारे साडेआठ वर्षं राहिला म्हणूनच अनुवाद झाला, म्हणजे तुम्ही माझाच मुद्दा मांडलात. आणि १९२४ ला त्यांनी जपानमधलं ते मिशन बंद करून टाकलं, पुन्हा उघडलं थेट १९४८ ला. मधली चोवीस वर्षं ज्या मूठभर जपान्यांनी तो धर्म घेतला होता, त्यांचं काय झालं असेल?

युटावासी

मी बारा वर्षं इथे राहते, या मुलांची घरं आतून पाहिली आहेत. खर्च बहुतेक घरचेच करतात. अमेरिकेतल्या मुलासाठी महिन्याला ४०० डॉलर होते, २०२० पासून ५०० झाले. मुलगा कुठल्याही देशात असला तरी रक्कम तीच. कितीतरी मुलं शाळेपासून त्यासाठी पैसे साठवतात.

आमच्या शेजारचा मुलगा पाच महिन्यांत परत आला. रात्र-रात्र झोप नव्हती, जेवण सुटलं होतं. आई त्याला विमानतळावरून रात्री उशिरा घेऊन आली, कुणी पाहू नये म्हणून. नंतर वर्षभर ओळखीचे लोक ‘का परत आलास’ विचारत राहिले. त्या आईचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून दर आठवड्याला बोलता येतं. हे पन्नास वर्षं आधी करायला हवं होतं.

तरी पूर्ण खडकमाळांच्या बाजूनेही मी नाही. पलीकडच्या घरातली मुलगी दीड वर्षानं तैवानहून आली ती चिनी बोलत, आणि आजही तिथल्या एका म्हातारीला दर रविवारी फोन करते.

नगरचा

आमचं घराणं अमेरिकन मराठी मिशनमुळे ख्रिस्ती झालं, म्हणून थोडं बोलतो. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरार १८२७ ला मुंबईत आल्या, नंतर आमच्या नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ ला इथेच वारल्या. तेव्हा राहण्याबद्दल खडकमाळ म्हणतात ते मला पटतं.

पण तुम्ही सगळेच त्या मुलाबद्दल असं बोलताय, जणू तो शिस्तीच्या शिबिराला आलाय किंवा त्याला कुणी पकडून आणलंय. त्याची श्रद्धा आहे, एवढं साधं कारण कुणीच धरत नाही. वारीला निघालेल्या विशीतल्या पोराला आपण ‘तुला घरच्यांनी ढकललं का’ असं विचारत नाही.

खडकमाळ

वारकरी वारी अर्ध्यात सोडून घरी आला तर त्याच्या आईला तोंड लपवावं लागत नाही. श्रद्धा खरी असेलच. मग सहा महिन्यांनी परतायचं ठरवलं तरी ती खरीच मानायला हवी.

नागोयाकरीण

युटावासींचं वाचून मी हलले. मुलांचं भलं होतं हे माझं मत अजून आहे, पण ‘सगळ्यांचं’ असं आता म्हणणार नाही. परत येणाऱ्याला मानानं घरात घेणं ही पाठवणाऱ्यांची जबाबदारी आहे, इथे खडकमाळ बरोबर आहेत.

आमच्याकडे आलेल्या त्या मुलाची बदली जानेवारीत झाली. आदल्या संध्याकाळी तो डबा परत द्यायला आला, बरोबर त्याच्या जागी आलेला नवा मुलगा. जिन्यातच उभं राहून त्यानं वहीतलं कचऱ्याच्या वारांचं पान फाडून नव्याच्या हातात ठेवलं आणि मोडक्यातोडक्या जपानीत समजावलं, कारण नवा टोंगाचा होता आणि दोघांची सोयीची भाषा आता तीच होती.

आजींना तो सांगून गेला की नाही, हे विचारायचं मला सुचलंच नाही. आज संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन येते.