‘ओपन-एअर स्कूल’ आणि ‘डेलिकेट चिल्ड्रन’: मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासावरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्षयाच्या धास्तीने युरोप-अमेरिकेत ज्या ‘ओपन-एअर स्कूल्स’ निघाल्या, त्यांच्याविषयी आहे. मी ‘खुली शाळा’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘मुक्त शाळा’ केलं. ‘डेलिकेट चिल्ड्रन’चं झालं ‘नाजूक मुले’. दोन्ही खटकतात. काय सुचवाल?

प्रतिसाद

‘मुक्त शाळा’ नकोच. मुक्त विद्यापीठामुळे ‘मुक्त’ म्हटलं की वाचकाला घरबसल्या परीक्षा देणं आठवतं. ‘खुली शाळा’ म्हणजे बंद नसलेली शाळा, किंवा सगळ्यांना प्रवेश असलेली. ‘उघड्यावरची शाळा’ अर्थाने जवळ जातो, पण ‘शाळा भरते उघड्यावर’ हा आपल्याकडे बातमीचा मथळा असतो: पत्रे उडाले, इमारत धोकादायक झाली, पोरं झाडाखाली. तिथे तर उघड्यावर बसवणं हाच उपचार होता. ‘मोकळ्या हवेतली शाळा’ म्हणा. ‘जरा मोकळ्या हवेत ने त्याला’ हे डॉक्टरही सांगतात आणि घरातली म्हातारी माणसंही.

पहिल्या शाळेचं जर्मन नाव मात्र ‘वाल्डशूले’, म्हणजे सरळ ‘वनशाळा’. बर्लिनला लागून असलेल्या शार्लोटेनबुर्ग शहराने (ते 1920 पर्यंत वेगळं शहर होतं) पाइनच्या जंगलात 1 ऑगस्ट 1904 रोजी ती सुरू केली. बालरोगतज्ज्ञ बर्नहार्ड बेंडिक्स आणि शाळा-अधिकारी हेर्मान नॉयफर्ट यांचा त्यात पुढाकार होता. पोरं सकाळी ट्रामने येत, दिवसभर रानात राहत आणि संध्याकाळी घरी जात. धडे अर्ध्या अर्ध्या तासाचे, मध्ये सुट्टी, दिवसातून पाच वेळा खाणं आणि दुपारच्या जेवणानंतर आडव्या खुर्च्यांवर घोंगडी पांघरून सक्तीची झोप. लंडनच्या कौंटी कौन्सिलने 1907 मध्ये बोस्टल वुडमध्ये याच धर्तीवर शाळा काढली. तेव्हा ‘वनशाळा’ हा शब्द वापरा, पण फक्त शार्लोटेनबुर्गसाठी. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स शहराची 1908 ची शाळा जुन्या विटांच्या इमारतीत होती. एका बाजूची भिंत काढून उघडता येतील अशा मोठ्या खिडक्या बसवल्या होत्या. हिवाळ्यात मुलं जाड पिशव्यांमध्ये शिरून बाकावर बसत आणि पायाशी तापवलेले दगड ठेवत. तिथे वन कुठलं?

प्रतिसाद

‘डेलिकेट’वर थोडं सविस्तर लिहिते, कारण खरी गोम तिथे आहे.

‘नाजूक’ मराठीत बहुतेक वेळा कौतुकाचा असतो. नाजूक हात, नाजूक चण. मुलांच्या बाबतीत तर लाडाकोडात वाढलेलं मूल डोळ्यासमोर येतं. या शाळांतली मुलं याच्या नेमकी उलट होती: गिरणगावातल्यासारख्या कोंदट खोल्यांतून आलेली, अर्धपोटी, रक्त कमी, गळ्यात गाठी, घरात कुणीतरी क्षयाने खोकणारं. त्यांना नाजूक म्हटलं की त्यांची उपासमारच पुसली जाते. मला ते अजिबात मान्य नाही.

इंग्लंडमध्ये पुढे तो सरकारी शब्द झाला. 1945 च्या नियमांत विशेष शिक्षणाची गरज असलेल्या विद्यार्थ्यांचे प्रकार ठरवले, त्यांत अंध, बधिर यांच्या रांगेत ‘डेलिकेट’ हा स्वतंत्र प्रकार आहे. इतर कुठल्याही प्रकारात न बसणारी, पण शरीरप्रकृती खालावल्यामुळे ज्यांना वातावरण बदलण्याची गरज आहे किंवा नेहमीची शाळा ज्यांच्या तब्येतीला वा शिक्षणाला झेपणार नाही, अशी मुलं. म्हणजे खाटेवर पडलेली नाहीत आणि धडधाकटही नाहीत. ही मधली जागा शब्दात यायला हवी.

‘रोगट’ आणि ‘दुखणाईत’ त्या रेषेच्या पलीकडे जातात. ‘किडकिडीत’, ‘लुकडा’ फक्त अंगकाठी सांगतात. बोलीतला सगळ्यात नेमका शब्द ‘तोळामासा’: ‘पोराची प्रकृती तोळामासा आहे हो, वारं लागलं तरी पडतं.’ तोळा आणि मासा ही वजनाची जुनी मापं; घटकेत तोळा, घटकेत मासा, असं वरखाली होणारं. या शाळांत मुलांची वजनं नेमाने करून नोंदवत, आणि किती वजन वाढलं यावर शाळेचं यश मोजत. त्यामुळे तो शब्द तिथे फार चपखल बसतो. लेखात एकदा ‘तोळामासा प्रकृतीची मुलं’ येऊ द्या. पुढे सगळीकडे ‘अशक्त मुलं’ पुरेल.

प्रश्नकर्ती

‘तोळामासा’ घेतेच. मग सरळ ‘अशक्त मुलांची शाळा’ एवढं म्हटलं तर? ‘मोकळी हवा’ वगळून?

प्रतिसाद

नको. ॲमस्टरडॅममध्ये यान डाउकर या वास्तुकाराने 1930 च्या सुमारास बांधलेली मोकळ्या हवेतली शाळा मुद्दाम निरोगी मुलांसाठी होती, नावातच तसं होतं. काँक्रीट आणि काचेची, प्रत्येक मजल्यावर वर्गाला लागून मोकळी गच्ची. अशक्तांना जे लाभतं ते सगळ्यांनाच मिळावं, हा त्यामागचा विचार. तुमच्या लेखात ती शाळा आली तर पंचाईत होईल.

प्रतिसाद

मी बालरोगाच्या बाजूने एक भर घालतो. ‘ॲट्मॉस्फिअर’, ‘एन्व्हायर्नमेंट’ वगैरे शब्द आले की अनुवादात ‘पर्यावरण बदल’ लिहू नका, आपला ‘हवापालट’ घ्या. मुंबईची माणसं देवळाली-पाचगणीच्या सॅनेटोरियमात जात ती हवापालटालाच, आणि त्या शब्दात हवेबरोबर विश्रांती, दूधदुभतं, वेळेवर जेवण हे सगळं आपसूक येतं. शाळांचा गुण नेमका कशाने आला, हेही त्यातून कळतं. नुसत्या वाऱ्याने क्षयाचा जंतू मरत नाही. पण कोंदट खोलीतून मूल बाहेर राहिलं की संसर्ग कमी होतो, उन्हाने मुडदूस हटतो, आणि खाल्लेलं अंगी लागायला झोप लागते. 1940 च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं, घरं आणि आहार सुधारले, आणि या शाळांची गरज ओसरत गेली.

‘प्री-ट्युबरक्युलर’ हा शब्दही लेखात असेलच. त्याला ‘क्षयपूर्व’ नको, जणू क्षय पुढे होणारच असं वाटतं. ‘क्षयाचा धोका असलेली मुलं’ लिहा.

प्रश्नकर्ती

तो शब्द आहे, तीन ठिकाणी. बदलते. मथळा ‘मोकळ्या हवेतल्या शाळा’ असा करून आजच संपादकांकडे पाठवते, ‘मुक्त’ का नको याच्या कारणासकट.