मदत हवी आहे: शेकर डब्याची पट्टी वळणावर तडकते

नमस्कार मंडळी. मी मॅसॅच्युसेट्समध्ये असतो. इथल्या हॅनकॉक शेकर व्हिलेजमधले (शेकर या ख्रिस्ती पंथाची जुनी वस्ती, आता संग्रहालय) पातळ लाकडी पट्टी वाकवून केलेले लंबगोल डबे पाहिल्यापासून तसाच एक करायचं डोक्यात घेतलंय. पट्टी चेरीच्या लाकडाची, साधारण दीड मिलिमीटर जाड. उकळीच्या जरा खालच्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवून लगेच लाकडी साच्याभोवती गुंडाळतो. लांब बाजू छान बसते, पण टोकाच्या आखूड वळणावर बाहेरून तंतू उचलले जातात, कधी सरळ चीरच. जोडाची 'बोटं' (पट्टीच्या टोकाला कापलेल्या, दुसऱ्या टोकावर बसणाऱ्या निमुळत्या जिभा) शाबूत असतात, पण तांब्याच्या चुका मारण्यापर्यंत गाडी पोचतच नाही.

लाकूड भट्टीत वाळवलेलं आहे. माझा संशय त्याच्यावरच. हवेत वाळवलेलं घेतलं तर फरक पडेल का? की तंतू पट्टीच्या लांबीला समांतर नाहीत म्हणून होतंय? जाडी सव्वा मिलिमीटरवर आणू? मेपल वापर असं सुचवतील काही जण, पण चेरीचा रंग सोडवत नाही. एवढ्या पातळ पट्टीला वाफेची पेटी म्हणजे मला जरा अतीच वाटतं. तरी कुणी केली असेल तर सांगा. आणि बाहेरून पत्र्याचा पट्टा लावून वाकवलंय का कुणी?