स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन, युंगफ्राउ आणि तिकडचे डोंगर-धबधबे : तुमचे अनुभव लिहा

पाऊसवेडी
काल माळा आवरताना आईचा जांभळा रेनकोट सापडला आणि खिशात तो छोटा लाल पासपोर्ट, युंगफ्राउयोखच्या, म्हणजे वर बर्फात गाडी जाते त्या स्टेशनच्या, तिकिटाबरोबर देतात ना तो, वर गेल्यावर शिक्का मारून घ्यायचा. शिक्का जरा फाकलाय कारण आईने ओल्या हातमोज्यानेच दाबला होता. आई जाऊन दोन वर्षं झाली. शिडीवरच बसून राहिले मी कितीतरी वेळ.

आम्ही दोघीच गेलो होतो, जून २०१४. वरचा बर्फ वगैरे छानच, पण मला कायम आठवतो तो लाउटरब्रुनेन गावचा श्टाउबबाख धबधबा. २९७ मीटरवरून सरळ कड्यावरून पडतो, गावातल्या घरांच्या मागेच. कड्यात कोरलेल्या वाटेने त्याच्या मागे जाता येतं, तिकीट नाही काही नाही, फक्त चढ खडा आहे. आईचे गुडघे म्हणजे तेव्हाच कुरकुरत होते, म्हणाली तू जाऊन ये मी बाकावर बसते. मी वर पोचले, फोटो काढले, मागे वळून बघते तर आई कठडा धरून एकेक पायरी येतेय! आली, हात बाहेर काढला, आणि हातावर पाणी पडेचना. नुसती भुकटी. नावातच आहे, श्टाउब म्हणजे धूळ. म्हणाली, "अगं हे पडत नाहीये, पीठ चाळताना उडतं तसं उडतंय." चष्मा पूर्ण पांढरा झालेला आणि ओढणीने पुसतेय आणि परत पांढरा होतोय आणि ही हसतेय.

तुमच्यापैकी कोण कोण गेलंय त्या बाजूला? धबधबा, डोंगर, बर्फ, काहीही चालेल, लिहा.

दोन_पिल्लांची_आई
वाचून डोळे भरले गं. भाजी गॅसवर आहे म्हणून पटकन लिहिते. ट्र्युमेलबाखचे धबधबे. धाकटी साडेतीन वर्षांची आणि तिथे चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडतच नाहीत, आम्हाला दारात कळलं. मग आधी हा गेला, मग मी. बोगद्यातली लिफ्ट आणि पुढे पायऱ्या, डोंगराच्या पोटात दहा धबधबे. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ह्या तिन्ही शिखरांवरचं वितळलेलं पाणी एकाच घळीतून, सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत. कठड्यावर हात ठेवला तर कठडा थरथरत होता, आवाज कानात नाही छातीत येत होता. बाहेर आले तर धाकटी म्हणते आई तू रडलीस का, चेहरा एवढा ओला.

घाटमाथा
श्टाउबबाखची भुकटी वाचून नाणेघाट आठवला, पावसाळ्यात वारा असला की पाणी उलटं वर येतं ते. तिकडे वाऱ्याने धार सगळी एका बाजूला जाते, कड्याला चिकटून. अजून एक, म्युरेन गाव त्या दरीच्या वरच्या काठावर, उंची १६३८ मीटर. आपली कळसूबाई १६४६. म्हणजे कळसूबाईच्या डोक्यावर गाव, शाळा, दुकानं, गाईंच्या घंटा सगळं, आणि गाड्यांना बंदी. मी तिथे बाकावर बसून चार तास नुसता समोरचा आयगर बघितला, बायको म्हणाली चला आता, म्हटलं तू जा.

रूळ_आणि_घाट
मी रेल्वेत ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच कर्जत-लोणावळा घाटात. तिथे चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर गेलं की १ मीटर वर, त्यालासुद्धा मागून बँकर इंजिनं लावतो आपण. युंगफ्राउच्या गाडीचा चढ जास्तीत जास्त ४ ला १!! मधोमध दातेरी रूळ आहे, त्यात चाक अडकत जातं. काम सुरू झालं १८९६ ला, गाडी वर पोचली १९१२ ला, सात किलोमीटरच्यावर बोगदा, आयगर आणि म्योंखच्या पोटातून. ज्या गुयर-झेलरच्या डोक्यातून हे निघालं तो १८९९ लाच गेला, त्याला शेवटचं स्टेशन बघायला मिळालं नाही. आइसमेअर स्टेशनात गाडी पाच मिनिटं थांबते, सगळे काचेतून बर्फ बघायला पळाले, मी बोगद्याच्या भिंतीवर हात फिरवत उभा होतो. मुलगा म्हणाला बाबा फोटो काढू का, म्हटलं ह्या भिंतीचा काढ.

निवांत७
काका, फार सुंदर लिहिलंत 🙏 बँकरबद्दल वेगळा धागा काढाच.

दोन_पिल्लांची_आई
+१ काका नक्की काढा

मिरजकर_मावशी
आम्ही ग्रुप टूरने गेलो होतो. लाउटरब्रुनेनला बस थांबली वीस मिनिटं, त्यात स्वच्छतागृहाची रांग, धबधबा मी बसच्या खिडकीतून बघितला. कंपनीचं नाव घेत नाही पण अजून राग आहे, पैसे आम्ही वर्षभर साठवले होते. युंगफ्राउयोखला ३४५४ मीटरवर ह्यांचं डोकं इतकं दुखायला लागलं की जिना चढवेना. तिथे घाई करू नका, हळू चाला, पाणी पीत राहा आणि त्रास वाढला तर सरळ खाली उतरा. पाऊसवेडी, आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन केलं होतं का नंतर? माझं ठरतंय, डावा आधी का दोन्ही एकदम कळत नाहीये.

पाऊसवेडी
मावशी, आईने एकच केला, उजवा. फिजिओथेरपी मात्र सोडू नका. व्यक्तिगत निरोप करते सविस्तर.

बर्नकर
नऊ वर्षं इथे राहतोय. जाणाऱ्यांनी एक ऐका, वरचं तिकीट आदल्या दिवशी काढू नका, सकाळी उठून वेबकॅम बघा. दरीत लख्ख ऊन आणि वर नुसता पांढरा पडदा असं फार वेळा होतं. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड, वेंगेन, म्युरेनपर्यंत चालतो, तिथून वर युंगफ्राउयोखला फक्त २५ टक्के सूट. पैसे कमी असतील तर वर जाऊ नका, ब्रिएन्झ तलावात बोटीने गीसबाखला जा, बोट पासात येते. धबधबा टप्प्याटप्प्याने उतरतो, मागून चालता येतं, आणि धक्क्यावरून वर न्यायला १८७९ची फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी. तिथलं जुनं हॉटेल पाडायचं घाटत होतं, तेव्हा फ्रान्झ वेबर नावाच्या पर्यावरणवाद्याने लोकांकडून वर्गणी काढून १९८३ ला ते आणि आजूबाजूची जमीन वाचवली. त्या धबधब्याखाली उभं राहिलो की दरवेळी ते आठवतं मला.

निवांत७
वर्गणी काढून धबधबा वाचवला, भारीच

कोरा_चहा
२००४ ला आईबाबांबरोबर 'आलेच' नावाचं ग्लेशियर बघितलं होतं, मी आठवीत. २०२३ ला परत गेले, नवऱ्याबरोबर. आल्प्समधली सगळ्यात लांब हिमनदी, अजूनही वीस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे नवीन माणसाला काही कमी झालंय असं वाटणारच नाही. नवरा वा वा करत होता. मी बाबांनी काढलेला जुना फोटो फोनवर ठेवला होता, तो धरून बघितलं तर कडेच्या खडकाचा एक मोठा पट्टा उघडा पडलेला, राखाडी, ताजा. ऱ्होन ग्लेशियरला तर उन्हाळ्यात पांढरी कापडं पांघरतात बर्फ टिकावा म्हणून. आजारी माणसाला पांघरूण घालावं तसं दिसतं ते. बाबांना फोटो पाठवला नाही मी.

घाटमाथा
पाठवा. त्यांना कळायला हवं, त्यांचा फोटो किती मोलाचा आहे ते.

मिरजकर_मावशी
थेपले नेले होते कोणी? आमचे चौथ्या दिवशी संपले, मग मेतकूट आणि हॉटेलातला भात.

दोन_पिल्लांची_आई
मावशी मेतकूट 😍 भाजी लागली माझी खाली

पाऊसवेडी
सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. बर्नकर, तो वेबकॅम लाउटरब्रुनेनचा पण असतो का? आत्ता दिसतोय का श्टाउबबाख?

बर्नकर
थांब बघतो

बर्नकर
दिसतोय. वरती ढग आहेत, वारा बराच असणार, अर्धं पाणी डावीकडे उडतंय.