‘पूरक’ की ‘परस्परपूरक’? शिवाय ‘विकिरण’चा घोळ

प्रश्न
जीवरेणूंच्या रचनेवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘कॉम्प्लिमेंटरी’ पद्धती हा शब्द सारखा येतो: एकीकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातल्या प्रतिमा, दुसरीकडे क्ष-किरण आणि न्यूट्रॉनचं ‘स्कॅटरिंग’. मी ‘पूरक पद्धती’ आणि ‘विकिरण’ लिहिलं. संपादकांनी दोन्हींखाली रेघ ओढली आणि कारण काही दिलं नाही. काय खटकलं असेल?

उत्तर
‘पूरक’ म्हटलं की मराठी कानाला एक मुख्य आणि दुसरं त्याच्या हाताखालचं, असं ऐकू येतं. शेतीला पूरक कुक्कुटपालन, पूरक आहार, पूरक वाचन. भूमितीत तर आणखी पंचाईत. बेरीज १८० अंश झाली की पूरक कोन, ९० झाली की कोटिकोन. इंग्रजी ‘कॉम्प्लिमेंटरी’ हे आपले कोटिकोन. (हॉटेलातला ‘कॉम्प्लिमेंटरी’ नाश्ता तिसराच.) म्हणून इथे ‘परस्परपूरक’ लिहा. लांब आहे, पण अर्थ नेमका तोच.

रायबोसोमचं, म्हणजे पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राचं, उदाहरण घ्या. स्फटिकावर क्ष-किरण टाकले की ठिपक्यांची तीव्रता मोजता येते, पण लहरींची कला (‘फेज’, म्हणजे कोणती लहर कितपत पुढे-मागे आहे ते) हाती लागत नाही, आणि कलेशिवाय चित्र उभं राहत नाही. एरवी जड अणू बसवून हा पेच सोडवतात. रायबोसोम मात्र इतका अवाढव्य, की ते जड अणू नेमके कुठे बसलेत हेच कळेना. १९९८ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या गटाने शास्त्रज्ञ योआकिम फ्रांक यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून मिळवलेली मोठ्या उपघटकाची (रायबोसोमच्या दोन भागांपैकी मोठ्याची) ढोबळ प्रतिमा घेतली, तिच्यावरून सुरुवातीच्या कला काढल्या, त्यावरून जड अणू शोधले आणि ९ अँगस्ट्रॉमपर्यंतचा बारकावा दाखवणारा नकाशा मिळवला (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). २००० साली तो २.४ अँगस्ट्रॉमवर पोचला. आता यात कोण मुख्य आणि कोण पूरक? प्रतिमेला बारकावा नव्हता, स्फटिकाला कला नव्हती.

प्रतिसाद
‘परस्परपूरक’ मान्य. पण ‘एकीकडे प्रतिमा, दुसरीकडे स्कॅटरिंग’ ही विभागणी मला पटत नाही. सूक्ष्मदर्शकातही इलेक्ट्रॉन रेणूवरून विखुरतातच. फरक पुढे पडतो: तिथे चुंबकी भिंग विखुरलेल्या लहरी परत जुळवतं, त्यामुळे कला प्रतिमेत टिकते. क्ष-किरणांसाठी अणूंपर्यंत पोचणारं तसं भिंग नाही, म्हणून ती जुळवाजुळव गणिताने करावी लागते. लेखात हे एक वाक्य घाला. वाचकाला ‘परस्परपूरक’ का, ते आपोआप कळेल.

प्रतिसाद
‘विकिरण’बद्दल. शब्द व्युत्पत्तीने चोख आहे. ‘कॄ’ म्हणजे विखुरणे. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण सगळे त्याच घरातले. शाळेच्या पुस्तकात प्रकाशाचं विकिरण याच अर्थाने येतं. अडचण हिंदीची: तिथे विकिरण म्हणजे रेडिएशन, आणि बातम्यांमधून तो अर्थ आपल्याकडेही शिरलाय. ‘न्यूट्रॉन विकिरण’ वाचून निम्मे लोक अणुभट्टीतल्या गळतीचा विचार करतील. ‘प्रकीर्णन’ बरं. स्फटिकातून नेमक्या दिशांना ठिपके पडतात, त्याला मात्र ‘विवर्तन’च ठेवा.

प्रश्नकर्ती
आभार. अजून एक. द्रावणातल्या रेणूंसाठीच्या ‘स्मॉल अँगल स्कॅटरिंग’ला मी ‘लघुकोनी प्रकीर्णन’ केलंय. चालेल?

उत्तर
नको. लघुकोन म्हणजे ९० अंशांपेक्षा लहान कोणताही कोन, ८५ सुद्धा. इथे कोन जेमतेम काही अंशांचे असतात. ‘अल्पकोनी’ करा.

आणि या पद्धतीला केवळ ‘ढोबळ आकार देणारी’ म्हणून उरकू नका, न्यूट्रॉनच्या बाबतीत तर नाहीच. पाण्यात सुमारे ४२ टक्के जड पाणी (ज्यात हायड्रोजनऐवजी त्याचं जड रूप, ड्यूटेरियम, असतं) मिसळलं की प्रथिन न्यूट्रॉनला पार्श्वभूमीपासून वेगळं दिसत नाही आणि त्याला चिकटलेलं डीएनए तेवढं उठून दिसतं. ६५ टक्क्यांच्या आसपास उलट: डीएनए लपतं, प्रथिन दिसतं. रायबोसोमच्याच लहान उपघटकात दोन-दोन प्रथिनांमध्ये ड्यूटेरियम भरून, त्यांच्यातली अंतरं मोजत मोजत २१ प्रथिनांच्या जागांचा नकाशा १९८७ मध्ये पुरा झाला होता, स्फटिकरचनेच्या तेरा वर्षं आधी. वेंकटरामन रामकृष्णन नोबेलच्या कितीतरी आधी याच कामात होते. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवरही अल्पकोनी न्यूट्रॉन प्रकीर्णनाची सोय आहे. तिथल्या कुणाशी ओळख असेल तर ते रोजच्या बोलण्यात काय म्हणतात तेही विचारा. बहुधा इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘सॅन्स’.