‘काकू, कप आत हरवला!’

परवा रात्री साडेअकराला पुतणीचा फोन. बाथरूममधून, कुजबुजत. पाळीत रक्त साठवायला आत घालतात तो कप. “काकू, कप आत हरवला. आता?”

म्हटलं, अगं, तिथून पुढे जायला रस्ताच नाही. फोन बाजूला ठेव, दहा मिनिटं काहीच करू नकोस. मग उकिडवी बस, हलकासा जोर दे, कपाचं बूड चिमटून आत हवा जाऊ दे. नुसतं देठाला धरून ओढायचं नाही.

फोन ठेवला आणि मला एकोणीस वर्षांची मी आठवले. वसतिगृह, आयुष्यातला पहिला टॅम्पॉन (पाळीत आत घालायचा, दोरी असलेला शोषक बोळा), तोही उसना, म्हणजे सोबत माहितीचा कागद नाही. काढायला गेले तर दोरी सापडेना. रूममेटने ठामपणे सांगितलं की तो वर पोटात चढतो. मी रात्रभर भिंतीला टेकून उभी! आडवी झाले तर अजून वर जाईल म्हणून. सकाळी डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, की गर्भाशयाच्या तोंडाचं भोक इतकं बारीक असतं की टॅम्पॉन पुढे जाऊच शकत नाही. दोरी दुमडून आत गेली होती, एवढंच. मी सुटकेचा श्वास सोडणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, “किती तास झाले?” मी म्हटलं, सोळा. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला.

म्हणजे मी रात्रभर चुकीच्याच गोष्टीला घाबरत उभी होते. तुम्ही कशाला घाबरलात, आणि खरं कशाला घाबरायला हवं होतं? लिहा.

रानजाई
मी मी मी! कप, पहिला दिवस, एक तास अडकून. नवरा दाराबाहेरून व्हिडिओतल्या सूचना वाचून दाखवत होता. “अंग सैल सोड” हे तो इतक्या जोरात ओरडत होता की शेजाऱ्यांचंही अंग सैल पडलं असेल. माझं सोडून.

खारूताई
हसून हसून मेले 😂 रानजाई, तू किती दिवसांनी! बाळ कसं आहे?

रानजाई
बाळ दात काढतंय. रात्री झोप नाही. म्हणून तर इथे.

उंटावरचा शहाणा
पुरुष आहे, लिहिलं तर चालेल ना? वरचे सोळा तास वाचून राहवलं नाही. टॅम्पॉन फार वेळ आत राहिला की ज्याची भीती असते, तो टॉक्सिक शॉक सिंड्रोम मला होऊन गेलाय. नाकाचं हाड सरळ करायचं ऑपरेशन, आत बोळे भरलेले. तिसऱ्या दिवशी एकदम १०३ ताप, उलट्या, जुलाब, अंग उन्हाने भाजल्यासारखं लाल, उठून बसलो की डोळ्यांपुढे अंधारी. मी फ्लू समजून पांघरूण घेऊन पडलो होतो. बायकोने उचलून नेलं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी बोळे काढले, मग सलाईन आणि अँटिबायोटिक. दोन आठवड्यांनी तळहातांची सालं निघाली, सापाने कात टाकावी तशी.

नंतर वाचलं, १९७८ मध्ये या आजाराला नाव मिळालं ते ८ ते १७ वयाच्या सात मुलामुलींच्या नोंदींवरून. पाळीशी त्याचा संबंध १९८० मध्ये जोडला गेला. जंतू तोच, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो पुष्कळांच्या नाकात, कातडीवर निवांत राहतो, त्याचं विष रक्तात गेलं की घात. तेव्हापासून टॅम्पॉनच्या डब्यातला कागद आमच्या घरात सर्वांत मन लावून मी वाचतो.

टिटवी
बाप रे. बरे आहात ना आता?

१९८० चा विषय निघालाच आहे तर: ‘रिलाय’ नावाचा एक टॅम्पॉन होता अमेरिकेत. पॉलिएस्टर फोमचे ठोकळे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज, भयंकर शोषणारा. सप्टेंबर १९८० मध्ये बाजारातून मागे घेतला. पुढे तिथे डब्यावर शोषकतेचे आकडे ठरवून दिले. रेग्युलर म्हणजे ६ ते ९ ग्रॅम, सुपर ९ ते १२. आपल्याला वाटतं सुपर म्हणजे भारी. तसं नाहीये ते! जेवढा स्राव तेवढा टॅम्पॉन, म्हणजे पुरेल असा कमीत कमी शोषणारा. आणि ४ ते ८ तासांत बदलायचाच, कोरडा वाटला तरी. मी एकदा चौथ्या दिवशी सुपर घातला होता. काढताना डोळ्यांत पाणी. त्यावर अधिक लिहीत नाही, लोक जेवत असतील.

आता हा आजार फार दुर्मीळ आहे, घाबरवायचं नाही कुणाला. पण टॅम्पॉन किंवा कप आत असताना अचानक ताप, उलट्या, पुरळ, चक्कर आली तर आधी तो काढायचा आणि थेट दवाखाना. तिथे “पाळी चालू आहे, आत अमुक होतं” हे आपणहून सांगायचं. लाजायचं नाही.

अबोली
कपानेही होतो का? मला वाटायचं कप सेफ.

टिटवी
क्वचित, पण नोंदी आहेत. कप १२ तासांच्या वर ठेवू नये म्हणतात ते उगाच नाही. दार वाजलं, येते.

मोरपीस
माझं वेगळंच. तांबी बसवलेली आणि कपही वापरायचे. एका पाळीत कप ओढला तर पाठोपाठ तांबी बाहेर. हातात कप, कपात तांबी. मी बघतेय तिच्याकडे, ती माझ्याकडे. कपाची ओढ असते, शिवाय तांबीचे दोरे बोटात येतात. नवी बसवताना डॉक्टरांनी दोरे आखूड कापले आणि बजावलं, हवा आत सोडल्याशिवाय कप काढायचा नाही. हे आधी कुणी सांगितलं असतं तर!!

अबोली
आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दर सहा महिन्यांनी एक निरोप येतो की टॅम्पॉनमध्ये ॲस्बेस्टॉस घालतात, म्हणजे रक्त जास्त जाऊन खप वाढेल. हेच ईमेलवर १९९० च्या दशकात फिरत होतं म्हणे, फक्त फुलांचं चित्र तेवढं नवीन. दुसरा लाडका निरोप, पॅडमधल्या जेलने गर्भाशयमुखाचा कॅन्सर. तो कॅन्सर बहुतेक सगळा एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्यावर लस आहे, तपासणी आहे. जेल बाळांच्या डायपरमध्येही असतं. मी हे ग्रुपवर लिहिलं तर आत्याने हात जोडलेली बाहुली पाठवली. म्हणजे पटलं की नाही कळलं नाही.

दुपारची झोप
सगळंच थोतांड म्हणू नका हं. २०२४ मध्ये ३० टॅम्पॉन तपासले, शिसं आणि आर्सेनिकसुद्धा सापडलं. मी त्या दिवशी अख्खा डबा फेकला.

अबोली
सापडलं, खरंय. पण ते अंगात उतरतं का, हे त्या अभ्यासात तपासलंच नव्हतं. म्हणजे “काही होत नाही” असंही म्हणता येत नाही आणि “विष आहे” असंही नाही. पाळीच्या चड्ड्यांमध्ये पीएफएएस (सहजी न विरणारी रसायनं) निघाल्यावर तर खटले झाले. अशा ठिकाणी प्रश्न विचारायलाच हवेत. ॲस्बेस्टॉसवर ओरडण्यात सगळा दम संपतो आणि हे राहून जातं, तेच तर दुखणं आहे.

दुपारची झोप
हे पटलं. डबा फेकायची घाई झाली.

बोका
अवांतर. १९८३ मध्ये सॅली राईड, अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर, अंतराळात निघाली तेव्हा नासाच्या इंजिनिअरांनी विचारलं, आठवड्याला १०० टॅम्पॉन पुरतील ना? रॉकेट उडवणारी माणसं ही.

खारूताई
१०० 😂😂 सुपर की रेग्युलर?

आणि जाहिरातीतलं निळं पाणी! माझा धाकटा सातवीपर्यंत मानायचा की बायकांचं रक्त तिथे निळं असतं. खरं मानवी रक्त वापरून कशात किती मावतं हे मोजलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. २१ वस्तू तपासल्या, सर्वांत जास्त मावलं डिस्कमध्ये (कपासारखीच आत बसवायची, पण चपटी वाटी). तोवर काय मिठाच्या पाण्यावर अंदाज बांधत होते.

चांदणी चौथी
पॅडने जांघेत पुरळ यायचं. सहा महिने मलमं लावली, प्रत्येक जण म्हणे स्वच्छता कमी पडते. मग मी अजून घासायचे, सुगंधी साबणाने! शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी विचारलं, पॅड सुवासिक आहे का? होतं. बिनवासाचं घेतलं, दोन पाळ्यांत गेलं. आतली जागा स्वतःची स्वतः साफ राहते, तिला गुलाबाचा वास नको असतो.

पाटी कोरी
नाव बदलून लिहितेय. शेवटच्या दिवशी जुना काढायचा विसरून दुसरा टॅम्पॉन घातला. दहा दिवसांनी वास. मला वाटलं सडलेय मी आतून. लाजेने अजून तीन दिवस घालवले. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात काढला आणि म्हणाल्या, नेहमी येतात अशा बाया. ‘नेहमी’ हा शब्द ऐकून रडले.

रानजाई
कोरी, ये इकडे, मिठी.

मोरपीस
अगं, माझी तांबी कपात आली होती. लाजायचं तर आधी मी.

बोका
कुत्रा पाळलेल्यांनी कप उघड्यावर ठेवू नये. बहिणीचा अनुभव आहे. तपशील विचारू नका.

खारूताई
विचारणार!!

उंटावरचा शहाणा
कप उकळताना मोबाइल बघू नये हेही घ्या. पाणी आटलं, कप करपला. पातेलंही गेलं. पाच मिनिटं म्हटलं होतं बायकोने.

टिटवी
आले परत. एवढं काय काय झालं! काकू, पुतणीचं काय झालं शेवटी ते सांगा की.

(धागाकर्ती)
बाराला निघाला कप. “काकू, तुझं खरं होतं, रस्ता नाहीये.” मग आज सकाळी पुन्हा मेसेज. धुताना हातातून निसटला, कमोडमध्ये पडला आणि सवयीने तिने फ्लश केलं.

आता मात्र हरवला.