ऑपरेशनच्या आधीचे आठवडे : वजनाच्या शस्त्रक्रियेची तयारी आणि सिगारेट सोडणं, तुमचे अनुभव सांगा

माझं ऑपरेशन गेल्या महिन्यात व्हायचं होतं. झालं नाही. सगळ्या तपासण्या पार पडल्या होत्या, रजा मंजूर होती, बहीण महिनाभर राहायला येणार होती. आणि शेवटच्या रक्ततपासणीत कोटिनिन निघालं. निकोटिन स्वतः काही तासांत रक्तातून कमी होतं, पण शरीरात त्याचं जे कोटिनिन बनतं ते काही दिवस मागे राहतं. मी सर्जनना दोनदा सांगितलं होतं, सिगारेट सुटली म्हणून. सुटली नव्हती. दिवसाला पंधरावरून दोनवर आले होते आणि दोन म्हणजे नसल्यातच जमा, असं मी स्वतःला पटवलं होतं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी रिपोर्ट पालथा घातला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर जठराचं चित्र काढलं. माझी होणार ती शस्त्रक्रिया म्हणजे स्लीव्ह. तिच्यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी, आणि तिची कड स्टेपलच्या रांगेने बंद करतात. त्या कडेवर पेनाने बारीक टिंबं देत ते म्हणाले, "ही रांग मी लावीन. पण सांधायचं काम तुमचं रक्त करणार. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो. यातलं एक टिंब जरी जुळलं नाही, तरी तिथून गळती." तो कागद मी मागून घरी आणला. फ्रिजवर लावलाय.

आता निदान सहा आठवडे पूर्ण बंद, मग पुन्हा तपासणी, मग तारीख. आज अकरावा दिवस आहे.

ज्यांनी ही तयारी केली आहे, करत आहेत, किंवा घरातल्या कुणाची करून घेतली आहे, त्यांनी सविस्तर लिहावं अशी मनापासून विनंती. आहार, झोपेची तपासणी, शुगर, भीती, काहीही. सिगारेट कधीच ओढली नसेल तरी लिहा. फक्त जे लिहाल ते खरं लिहा. मी खोटं बोलून एक महिना घालवलाय.

*

ताई, अकरावा दिवस म्हणजे सगळ्यात वाईट दिवस मागे पडले. माझे दुसरा आणि तिसरा फार जड गेले होते.

बावीस वर्षं, रोज एक पाकीट. स्लीव्हच्या नऊ आठवडे आधी सोडली. मला आधी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी फागरस्ट्रॉम नावाची सहा प्रश्नांची चाचणी घेतली. पहिलाच प्रश्न असा, की उठल्यापासून किती मिनिटांत पहिली सिगारेट लागते? मी म्हणालो, डोळे चोळायच्या आत. पाच मिनिटांच्या आत असेल तर त्या एका प्रश्नाचे तीन गुण. एकूण दहापैकी मला आठ पडले. तोपर्यंत मी याला मनाचा कमकुवतपणा समजत होतो. ते म्हणाले, हे शरीराचं अवलंबून असणं आहे, याला औषध द्यायचं असतं. व्हॅरेनिक्लिन सुरू केलं. सोडायची तारीख आधी ठरवली, तिच्या एक आठवडा आधी गोळ्या चालू झाल्या, एकूण बारा आठवडे घेतल्या. रिकाम्या पोटी घेतली की मळमळायचं, म्हणून खाऊन, पेलाभर पाण्याबरोबर घ्यायला लागलो. स्वप्नं विचित्र आणि फार ठळक पडायची. नंतर थांबली.

एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. सिगारेट सोडल्यावर चार-पाच दिवसांत हात थरथरायला लागले, छातीत धडधड, रात्रभर डोळा लागेना. मला वाटलं ही निकोटिन नसल्याची घालमेल. डॉक्टरांनी विचारलं, कॉफी किती? दिवसाला सहा कप. धुरामुळे यकृतातलं एक एन्झाइम जास्त जोमाने चालतं आणि कॅफीन लवकर संपवतं. धूर बंद झाला की ते मंदावतं, आणि तेवढ्याच कॉफीचं कॅफीन रक्तात जास्त वेळ राहतं. कॉफी निम्मी केली, तीन दिवसांत झोप लागली. दम्यासाठीचं थिओफिलिन आणि मानसिक आजारांवरची काही औषधंही याच वाटेने जातात. तसं काही चालू असेल तर सिगारेट सोडताय हे ते औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगा.

वजन तीन किलोंनी वाढलं. ऐन वजन उतरवायच्या वेळी ते चढताना पाहून मी हादरलो. सर्जन म्हणाले, तीन किलो चालतील मला, एक सिगारेट चालणार नाही.

तलफेचं सांगायचं तर, ती आली की मी घड्याळ बघायचो. पाच मिनिटं, फार तर दहा. तेवढ्यात ओसरते. पण हाताची सवय वेगळीच. फोन वाजला की डावा हात आपसूक शर्टाच्या खिशाकडे जायचा. त्या खिशात मी चष्म्याचं घर ठेवायला लागलो. आज चार वर्षं झाली. फोन आला की अजून चष्म्याचं घर हाताला लागतं.

*

मी कधी ओढली नाही, पण तयारीत मीही एक मोठी चूक केली, ती सांगते.

माझा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, 36 आणि बारा वर्षांचा मधुमेह. घरातल्यांचं म्हणणं, तू कुठे एवढी जाड आहेस! त्यांच्या डोक्यात जुना 1991 चा निकष होता, बीएमआय 40 किंवा आजारांसह 35. त्या हिशेबानेही मी बसत होतेच. 2022 मध्ये तर या क्षेत्रातल्या अमेरिकन आणि आंतरराष्ट्रीय संघटनांनी तो आणखी खाली आणला. 35 च्या वर असेल तर आजार नसला तरी शस्त्रक्रिया सुचवावी, आणि आशियाई लोकांच्या बाबतीत 27.5 पासून विचार व्हावा. हे सगळं छापून आणून मी जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा बोलणी थांबली.

ऑपरेशनआधी दोन आठवडे दिवसाला साधारण 800 कॅलरींचा आहार होता, बहुतेक सगळा पातळ, प्रोटीन भरपूर. याला सगळे लिव्हरचं डाएट म्हणतात. यकृताची डावी बाजू जठरावर पसरलेली असते. चरबीने ते फुगलेलं आणि ठिसूळ असेल तर दुर्बिणीतून काम करताना उचलून धरणं अवघड जातं. कमी खाल्लं की त्यातली साठवलेली साखर आणि पाणी आधी उतरतं, मग चरबी.

तिसऱ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखलं, पाचव्या दिवशी हलकं वाटायला लागलं. भुकेपेक्षा स्वयंपाकघरात उभं राहणं कठीण होतं. वर्षानुवर्षं चमच्याने चव बघायची सवय. चमचा ओठापर्यंत जायचा आणि मग मी लेकीला हाक मारायची, "ये गं, मीठ बघ जरा." चौदा दिवस तिने मीठ बघितलं.

आता चूक. खाणं निम्म्याहून कमी झालं, पण इन्सुलिन मी तेवढंच घेत राहिले. कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. चौथ्या रात्री तीन वाजता घामाने उशी ओली झाली, जीभ जड, शुगर 58. मिस्टर घरी होते म्हणून निभावलं. सकाळी फोन केला तर डोस जवळपास निम्मा करायला सांगितला. इन्सुलिन असो की शुगरच्या गोळ्या, असं डाएट सुरू करायच्या आदल्या दिवशीच बदललेला डोस लिहून घ्या. आणि लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या असतात ना, ज्यांच्या नावाच्या शेवटी फ्लोझिन येतं, त्या ऑपरेशनआधी तीन-चार दिवस बंद करतात. त्यांच्यामुळे शुगर चांगली दिसत असतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. माझी तीही गोळी चालू होती. भुलेच्या डॉक्टरांच्या नजरेस आली म्हणून बरं.

*

आमच्या ह्यांचं घोरणं मला कधी खुपलं नाही. घोरणं थांबायचं, ते खुपायचं. मी अंधारात आकडे मोजत पडायची, पंधरा, वीस, पंचवीस, आणि मग एकदम गुदमरल्यासारखा श्वास. झोपेच्या तपासणीत तासाला 52 वेळा श्वास अडतो किंवा उथळ होतो असं निघालं. 30 च्या वर गेलं की ते तीव्र धरतात. ऑपरेशन महिनाभर पुढे गेलं आणि रोज रात्री सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र, लावायला सांगितलं. पहिल्या आठवड्यात मास्क रागाने काढून फेकत. दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी म्हणाले, आज डोकं दुखत नाहीये. मला तर त्यांना रोज सकाळी डोकं दुखतं हेच माहीत नव्हतं. दवाखान्यात जाताना आपलं मशीन आणि आपला मास्क बरोबर न्या, भुलेनंतरच्या रात्री तो लागतोच.

*

फॉर्मवर प्रश्न होता, धूम्रपान करता का? मी लिहिलं, नाही. मी ओढत नाही, तंबाखू चघळतो. कोटिनिनला तो फरक कळत नाही. निकोटिनचा पॅच, च्युइंगगम, व्हेप, सगळ्यांनी ते वाढतं. तेव्हा पॅच वापरत असाल तर तपासणीच्या आधी टीमला सांगून ठेवा. त्यांच्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र असतं, त्यात पॅच दिसत नाही, धूर दिसतो. माझ्या बाबतीत मात्र त्याचा उपयोग नव्हता, धूर नव्हताच.

*

हे लिहायला मला तीन दिवस लागले.

माझा बायपास (हृदयाचा नव्हे, वजनासाठीचा जठराचा) झाला त्याला सहा वर्षं होतील. आधी आठ आठवडे सिगारेट बंद होती, तपासणी स्वच्छ, ऑपरेशन उत्तम, वर्षात 41 किलो उतरले. चौदाव्या महिन्यात, एका कठीण काळात, एक ओढली. मग रोज तीन-चार. बायकोला सांगितलं नाही, डॉक्टरांकडे जाणंच टाळलं. मी ते आठ आठवडे परीक्षेच्या तारखेसारखे धरले होते. परीक्षा झाली की पुस्तक बंद.

दोन वर्षं व्हायच्या आत पोटाच्या वरच्या भागात कुरतडल्यासारखं दुखायला लागलं. त्यावर मी दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून घेतल्या, ज्या बायपासनंतर टाळायच्या असं मला लेखी दिलेलं होतं. एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि उठताना चक्कर आली. एंडोस्कोपीत अल्सर दिसला, बरोबर जोडावर. बायपासमध्ये जठराचा जेमतेम 30 मिलिलिटरचा कप्पा ठेवतात आणि त्याला आतडं थेट जोडतात. आतड्याच्या त्या भागाला आम्लाची सवय नसते. त्यात सिगारेट आणि त्या गोळ्या.

आम्ल कमी करणाऱ्या औषधांवर सहा महिने काढले. दुसऱ्यांदा सिगारेट सोडली ती पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड गेली. ताई, सहा आठवडे हा दवाखान्याचा हिशेब आहे. तुमच्या जोडाचा हिशेब तुम्ही आहात तोवर चालू राहणार. आणि दारूचंही लगेच सांगून टाकतो. बायपासनंतर ती फार लवकर आणि फार जोरात चढते, त्यामुळे तिकडे वळू नका. मानसतज्ज्ञ ऑपरेशनआधी जे खोदून खोदून विचारतात, "खाणं सुटलं तर त्या जागी काय येईल?", त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा तोंडदेखलं दिलं होतं.

*

मी वॉर्डात नर्स आहे. एवढंच सांगते. तीन चेंडूंचं ते श्वासाचं खेळणं आम्ही ऑपरेशननंतर हातात देतो, तेव्हा पोट दुखत असतं आणि गुंगी असते. ते आधीच आणून घरी शिका. फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं, आणि चेंडू वर धरून ठेवायचा असतो. निम्मे पेशंट फुंकतात. सिगारेट सोडल्यावर काहींचा खोकला आणि कफ काही आठवडे वाढतो, कारण श्वासनलिका साफ करणारे बारीक केस पुन्हा काम करायला लागतात. तो घाबरायचा खोकला नव्हे, पण रक्त किंवा ताप असेल तर दाखवा. आणि ऑपरेशनच्याच दिवशी तुम्हाला उठवून चालवायला येणाऱ्या नर्सला नाही म्हणू नका. पायात रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून आम्ही मागे लागतो.

*

धागा सुरू करणारी मीच.

तुम्हा सगळ्यांचं एकेक अक्षर वाचलं. बायपासवाल्या दादांचं तर बहिणीलाही वाचून दाखवलं.

एकोणिसाव्या दिवशी मी घसरले. आई दवाखान्यात होती, रात्रभर जागरण, आणि पहाटे कुणीतरी पुढे केलेलं पाकीट. एकच, पण पूर्ण. आधीची मी असते तर ते गिळून टाकलं असतं. यावेळी दुसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञांना फोन करून सांगितलं. मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली, तारीख आणखी पुढे गेली. फोन ठेवल्यावर मात्र खूप महिन्यांनी गाढ झोपले.

त्याला काल 43 दिवस झाले. काल रक्त दिलं. फॉर्म भरणाऱ्या मुलीने नेहमीचा प्रश्न विचारला, शेवटची सिगारेट कधी? मी तारीख सांगितली. मग वेळही सांगितली, पहाटे सव्वापाच, मागच्या जिन्यात. तिने तेवढंच लिहून घेतलं आणि दंडाला पट्टा बांधला.

रिपोर्ट परवा येईल. लिव्हरचं डाएट सोमवारपासून सुरू करायचंय, मीठ बघायला घरी कुणी नाही. अशा वेळी एकट्याने स्वयंपाक कसा केलात, कुणी केला असेल तर लिहा.