प्रतिसाद: हागिया सोफिया पाहिल्यावर कारिये पाहायची गरज आहे का?

नक्की जा. कारिये म्हणजे इस्तंबूलमधलं जुनं बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातलं) चर्च, आता मशीद. वर एकांनी 'छोटं चर्च आहे, वगळलं तरी चालेल' असं लिहिलंय, ते मला अजिबात पटलं नाही. आकाराने लहान आहे म्हणूनच तिथली चित्रं इतक्या जवळून दिसतात.

आज दिसणारी बहुतेक मोझेक (रंगीत तुकडे जडवून केलेली चित्रं) आणि भित्तिचित्रं थिओडोर मेटोकायटीस या बायझंटाइन मंत्र्याने साधारण १३१५ ते १३२१ दरम्यान करवून घेतली. आतल्या दारावर तो स्वतःही आहे: डोक्यावर भलंमोठं पागोट्यासारखं शिरोभूषण, गुडघे टेकलेले, हातात चर्चची छोटी प्रतिकृती. १३२८ मध्ये सम्राट पदच्युत झाला, मेटोकायटीसचीही सत्ता गेली, आणि हद्दपारीनंतर शेवटची वर्षं त्याने या चर्चच्याच मठात काढली.

वेळ कमी असेल तर थेट बाजूच्या दफन-चॅपेलमध्ये जा. तिथल्या अर्धघुमटात पांढऱ्या वस्त्रांतला ख्रिस्त आदम आणि हव्वेला मनगटाला धरून थडग्यांतून अक्षरशः खेचून काढतोय. हव्वेचं लाल वस्त्र, पायाखाली नरकाची मोडलेली दारं, विखुरलेली कुलपं. इतका आवेग त्या काळच्या चित्रांत मी फार कमी पाहिलाय.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मशीद झाली, १९४५ मध्ये संग्रहालय ठरलं, १९४८ पासून अमेरिकन तज्ज्ञांनी चित्रं साफ केली. पुन्हा मशीद करण्याच्या २०२० च्या निर्णयानंतर मे २०२४ पासून ती मशीद म्हणून खुली आहे. पर्यटकांना प्रवेश आहे, फक्त नमाजाच्या वेळा टाळा.